सगळं सहन करणारं, भरपूर पिकणारं एकच वाण का निघत नाही?

प्रश्न असा आलाय की हवामान एवढं बदलतंय, झाडाच्या जनुकात नेमका बदल करणारं जीन एडिटिंगसारखं तंत्र हातात आहे, मग दुष्काळ, ऊन, पूर, रोग हे सगळं सोसून वर जास्त उत्पन्न देणारं एखादं वाण शास्त्रज्ञ का काढत नाहीत, आणि एक नवीन वाण यायला दहा-बारा वर्षं का लागतात. शेवटी असंही विचारलंय की बीएस्सी ॲग्री झाल्यावर या कामात यायचं असेल तर लॅबकडे जावं की शेताकडे. मी गेली चोवीस वर्षं पैदासकार म्हणून, म्हणजे पिकांची नवी वाणं तयार करायचं (ब्रीडिंगचं) काम करतोय, आधी मका आणि मग बरीच वर्षं भात, त्यामुळे उदाहरणं या दोन पिकांची जास्त येतील. उत्तर लांबणार आहे, पण प्रश्नच तसा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दुष्काळ हा शब्द एक असला तरी शेतात तो एक नसतो. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पाऊस दडी मारतो तो वेगळा, ऐन फुलोऱ्यात ताण पडतो तो वेगळा, आणि पीक जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढतंय आणि दाणे भरताना ती ओल संपते तो तर अगदीच वेगळा. या तिन्हींत झाडानं वागायचं वेगवेगळं, कधीकधी एकमेकांच्या उलट. ज्वारीतला स्टे-ग्रीन गुण घ्या, म्हणजे दाणे भरेपर्यंत पानं हिरवी राहणं. त्याचा गाजलेला स्रोत म्हणजे इथिओपियाच्या ज्वारीतून आलेली बी-३५ ही लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुण न बदलणारा स्थिर वंश. सुरुवातीला समज असा होता की या झाडाची पानं म्हातारीच उशिरा होतात, पण नंतर ऑस्ट्रेलियात जे काम झालं त्यातून दिसलं की खरी गंमत आधीच घडलेली असते, झाड फुटवे कमी काढतं, वरची पानं लहान ठेवतं, म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी कमी पितं आणि ते वाचवलेलं पाणी दाणे भरताना वापरतं. शुद्ध काटकसर. आता हेच झाड भरपूर पावसाच्या वर्षी लावलं तर पाणी पडून असताना ते काटकसर करत बसतं आणि शेजारचं उधळं वाण पुढे निघून जातं. मग हा गुण चांगला की वाईट? तुमच्या शेतात दहापैकी किती वर्षं शेवटी ओल संपते यावर ते ठरतं, जनुकावर नाही.

मुळांचंही तसंच. भातात डीआरओ-१ नावाचं जनुक २०१३ मध्ये पुढे आलं, फिलिपिन्समधल्या किनान्दांग पाटोंग या जुन्या वाणातलं, त्यानं मुळं आडवी न पसरता खाली जातात, आणि आयआर-६४ सारख्या उथळ मुळांच्या भातात ते घातल्यावर कोरड्या जमिनीत फायदा दिसला. उत्तम काम आहे, मला मनापासून आवडतं. पण खोल मूळ कामाला येतं ते खाली पाणी असेल तर. खडकावर दोन वीत माती असेल तर मूळ जाणार कुठे, आणि मूळ बनवायला लागणारी साखर झाडाला दाण्याच्याच वाट्यातून द्यावी लागते. म्हणून 'ड्राउट जीन सापडला' अशी बातमी वाचली की मी आधी बघतो, ताण कधी दिला होता, किती दिवस, आणि कुंडीत दिला होता की शेतात. कुंडीतला दुष्काळ दोन दिवसांत येतो, शेतातला तीन आठवडे घेतो. झाडासाठी या दोन पूर्ण वेगळ्या घटना आहेत.

मक्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण मी ब्रीडिंग खऱ्या अर्थानं शिकलो ते तिथं. मक्यात नर तुरा शेंड्यावर असतो आणि मादी कणीस खाली बगलेत. तुऱ्यातून पराग पडायला लागला की एक-दोन दिवसांत कणसाचे केस बाहेर येतात, एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी वाट. ताण पडला की तुरा जवळपास आपल्या वेळेवर येतो पण कणसाची वाढ मंदावते, केस अडकून राहतात, दोन दिवसांचं अंतर आठवड्यावर जातं आणि तोपर्यंत पराग संपलेला असतो. मग नंतर कितीही पाऊस पडू दे, ताट हिरवंगार आणि कणीस बोडकं. मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेत १९७० च्या दशकात टुक्सपेनो नावाच्या मक्यावर यासाठीच निवड सुरू झाली, ती पण कोरड्या हिवाळी हंगामात, पाणी मुद्दाम तोडून, ताण बरोब्बर फुलोऱ्यात बसेल असा हिशोब करून. आणि तिथे एक फार महत्त्वाची गोष्ट हाती लागली. ताणाखाली उत्पन्न हा निवडीसाठी दुबळा आधार ठरतो, कारण उत्पन्न कमी झालं की वाणावाणांतला फरक आक्रसतो आणि जमिनीतला खड्डा-उंचवटा, कुठं माती जाड कुठं पातळ याचा गोंधळ मात्र वाढतो, म्हणजे चांगला दिसणारा प्लॉट वाणामुळे चांगला आहे की त्याच्याखाली ओल जास्त होती म्हणून, हेच सांगता येत नाही. आमच्या भाषेत आनुवंशिकता घसरते. पण तुरा ते केस हे दिवसांचं अंतर ताणाखालीही स्वच्छ मोजता येतं आणि ते दाण्यांच्या संख्येशी घट्ट जोडलेलं आहे. कागद-पेन्सिल घेऊन रोज सकाळी ओळीतून चालायचं आणि तारखा लिहायच्या, एवढंच. त्या दोन तारखांच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, ताणातलं उत्पन्न वाढत गेलं आणि भरपूर पाण्यावरचंही घटलं नाही. पुढे २००७ मध्ये आफ्रिकेतल्या १३ देशांसाठी दुष्काळ सहन करणाऱ्या मक्याचा जो मोठा प्रकल्प सुरू झाला आणि ज्यातून दीडशेहून जास्त वाणं निघाली, त्याच्या मुळाशी ही पद्धत होती.

मी नवीन असताना याच ठिकाणी चुकलो होतो. ताणाची चाचणी लावलेली, पाणी तोडून अकरा दिवस झालेले, आणि फुलोऱ्याच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला. चाचणी खरंतर तिथंच संपली होती. पण एवढी मेहनत वाया कशी घालवायची म्हणून मी आकडे घेतले, त्यावरून लाइनी निवडल्या आणि पुढे नेल्या. दोन वर्षांनी खरा ताण पडला तेव्हा माझ्या निवडलेल्या लाइनी न निवडलेल्यांपेक्षा तसूभरही चांगल्या नव्हत्या, कारण मी निवडल्या होत्या त्या पावसानंतर जोमानं सावरणाऱ्या, ताण सोसणाऱ्या नाहीत. दोन वर्षं गेली, आणि ब्रीडिंगमध्ये दोन वर्षं म्हणजे दोन हंगामांचे पालक (ज्यांच्यात संकर करायचा त्या लाइनी), त्यांचे संकर, सगळंच. तेव्हापासून चाचणी फसली की ती फसली असं लिहून टाकतो आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेच पहिल्या आठवड्यात सांगतो.

आता 'जास्त उत्पन्न' या भागाकडे. बहुतेकांना वाटतं जास्त उत्पन्न म्हणजे झाड मोठं, कणीस मोठं. अमेरिकेतले मक्याचे पैदासकार डोनाल्ड ड्युविक यांनी वेगवेगळ्या दशकांतले मक्याचे संकर एकाच शेतात शेजारी शेजारी लावून पाहिले, आणि दिसलं असं की झाडं लांब लांब लावली तर जुन्या आणि नव्या संकरांच्या एका झाडाच्या उत्पन्नात फारसा फरक नाही. फरक पडतो दाटीत. नवा संकर दाटीवाटीतही कणीस धरतो, जुना वांझ राहतो. दाटी म्हणजे काय, प्रत्येक झाडाला पाणी कमी, अन्न कमी, ऊन कमी. म्हणजे दशकानुदशकं ज्याला आपण उत्पन्नवाढ म्हणत आलो ती बऱ्याच अंशी ताण सोसण्याचीच वाढ होती, आणि दाट लावलेल्या, अनेक ठिकाणच्या चाचण्यांत निवड केल्यामुळे ती मिळाली. म्हणून 'टिकाऊपणा हवा तर उत्पन्न सोडा' हे वाक्य मला सरसकट पटत नाही. काही गुणांची किंमत मोजावी लागते, वर ज्वारीचं सांगितलं तसं, पण फुलोरा वेळेवर साधणं, मूळ निरोगी असणं, पराग उन्हात जिवंत राहणं यांची किंमत फार नसते.

उष्णतेचं सांगतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्ये आला होता, त्यानुसार जागतिक सरासरी तापमान १ अंशानं वाढलं तर काहीच उपाय न केल्यास मक्याचं उत्पन्न सरासरी ७.४ टक्के, गव्हाचं ६ टक्के, भाताचं ३.२ टक्के आणि सोयाबीनचं ३.१ टक्के घटतं. पण पैदासकाराला सरासरी फारशी उपयोगाची नसते. भातात फूल उमलतं तो साधारण तासाभराचा वेळ सगळ्यात नाजूक, त्या वेळी लोंबीजवळ तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की पराग नीट सुटत नाही, दाणा पोचट. बाकीचा दिवस ४० अंश असला तरी एक वेळ चालेल. यावर दोन वाटा आहेत. एक, उन्हातही ज्याचा पराग टिकतो असं वाण, नगिना-२२ हे त्यातलं प्रसिद्ध. दुसरी वाट मला फार सुंदर वाटते, फूल उन्हाच्या आधीच उमलवायचं. ओरायझा ऑफिसिनॅलिस नावाच्या रानटी भातात फुलं सकाळी लवकर उमलतात, तो गुण लागवडीच्या भातात आणलाय, झाडाला उष्णता सोसावीच लागत नाही, ते वेळ चुकवून निसटतं. तिसरा भाग रात्रीचा, आणि याकडे लक्ष उशिरा गेलं. फिलिपिन्समधल्या इरी या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरचे १९९२ ते २००३ चे आकडे २००४ मध्ये छापले गेले, त्यात रात्रीचं किमान तापमान १ अंशानं वाढलं की भाताचं उत्पन्न सुमारे १० टक्के घटलेलं दिसलं, दिवसाच्या कमाल तापमानाचा तसा संबंध दिसला नाही. रात्री झाड श्वसन करतं, गरम रात्री दिवसभराची कमाई जास्त खर्च होते असं त्याचं एक कारण सांगतात. रात्रीच्या उष्णतेसाठी वाण निवडायचं तर रात्री शेत तापवावं लागतं, हीटर, तंबू, वीज, माणसं, म्हणून अशा चाचण्या फार कमी ठिकाणी होतात. माझ्या मते या क्षेत्रात पैसा घालायची सगळ्यात मोठी गरज आज इथे आहे.

मग एका जनुकानं काम झालंय असं कधी झालंच नाही का? झालंय, आणि ते का झालं हे समजून घेण्यासारखं आहे. भात पाण्यात राहतो पण पूर्ण बुडाला की बहुतेक वाणं घाबरल्यासारखी उंच वाढायला लागतात, साठवलेली साखर त्यात संपते आणि पाणी ओसरल्यावर आडवी पडून मरतात. ओडिशाच्या एका पारंपरिक वाणातून निवडलेलं एफआर-१३ए मात्र बुडाल्यावर वाढच थांबवतं, गप्प बसतं, पाणी गेलं की पुन्हा फुटतं. हे गुण देणारी जागा नवव्या गुणसूत्रावर आहे हे १९९६ मध्ये कळलं, नेमकं जनुक सब-१ए हे २००६ मध्ये, आणि ते जनुक स्वर्णा या लोकप्रिय भातात घालून केलेलं स्वर्णा सब-१ भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं. साधारण दोन आठवडे बुडलं तरी पीक वाचतं. आता बघा, एफआर-१३ए माहीत होतं कितीतरी आधीपासून, त्याचे संकरही झाले होते, पण त्यातून निघालेली वाणं शेतकऱ्यांनी धरली नाहीत, कारण पूर सोसण्याच्या गुणासोबत एफआर-१३ए चे बाकीचे नकोसे गुणही यायचे. मार्करमुळे, म्हणजे हवं ते जनुक रोपात आलंय का हे दाखवणाऱ्या डीएनएवरच्या खुणांमुळे, हे जमलं की फक्त तेवढा तुकडा स्वर्णामध्ये घालायचा आणि बाकी स्वर्णा जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे शेतकऱ्याला पेरणी, खत, विक्री काहीच बदलावं लागलं नाही. ताण एकाच प्रकारचा, जनुक एकच आणि ताकदवान, मूळ वाण आधीच लोकांच्या पसंतीचं, आणि पूर नाही आला तर नुकसान शून्य. या चारही गोष्टी एकत्र येणं दुर्मीळ आहे. आणि तरीही, पाणी महिनाभर साचून राहणाऱ्या खोलगट भागात हे चालत नाही, तिथे उलट पाण्याबरोबर उंच वाढणारी वाणंच लागतात, त्यांच्यात स्नॉर्कल नावाची जनुकं तेच काम करतात. ज्वारीसारखंच झालं, एकीकडचा गुण दुसरीकडचा दोष.

जीन एडिटिंगबद्दल थोडक्यात. भारतात मे २०२५ मध्ये एडिट केलेली दोन भाताची वाणं जाहीर झाली, सांबा मसुरीवरून कमला आणि एमटीयू-१०१० वरून पुसा डीएसटी राइस-१. तंत्र म्हणून मी याच्या बाजूनं आहे, चांगल्या वाणातला एकच दोष नेमका दुरुस्त करायचा असेल तर सहा-सात पिढ्या वाचतात. पण एडिटिंगला आधी माहीत असावं लागतं की कुठं कात्री लावायची, आणि ताणातलं उत्पन्न हे शेकडो लहान लहान परिणाम असलेल्या जागांचं मिळून बनतं, त्यातल्या बहुतेकांना नावसुद्धा नाही. शिवाय एडिट केलेलं झाडही शेवटी त्याच शेतांत, तेवढ्याच हंगामांत तपासावं लागतं. ते तपासल्याचे सगळे आकडे, चांगले-वाईट दोन्ही, उघडे ठेवले तर लोकांचा विश्वास बसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वेळ का लागतो. संकर केला की पुढच्या पाच-सहा पिढ्या लाइन स्थिर व्हायला जातात, मग तीन-चार वर्षं अनेक ठिकाणी चाचण्या, मग पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, असं वाढवत वाढवत शेतकऱ्यापर्यंत. दरवर्षी होणारी प्रगती एका साध्या हिशोबात बसते, हातात विविधता किती, निवड किती कडक, निवड किती अचूक, या तिघांचा गुणाकार आणि त्याला भागायचं एका चक्राला लागणाऱ्या वर्षांनी. वरच्या तिन्ही गोष्टी वाढवणं महाग आणि अवघड, खालची वर्षं निम्मी केली की प्रगती थेट दुप्पट. गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हेच केलं, हिवाळ्यात सोनोरामध्ये समुद्रसपाटीजवळ गहू आणि उन्हाळ्यात टोलुकाच्या अडीच हजार मीटरवरच्या पठारावर, वर्षाला दोन पिढ्या. तेव्हाचा नियम असा की जिथे वाण लावायचं तिथेच निवड करायची, त्यामुळे विरोध बराच झाला. पण दोन टोकांच्या दिवसमानात टिकणारीच झाडं उरली आणि ती दिवसाच्या लांबीला न अडणारी निघाली, म्हणून तो गहू जगभर चालला. आज दिव्यांखाली रोज २२ तास उजेड देऊन गहू, जव, हरभरा यांच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत घेता येतात, क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटानं २०१८ मध्ये ही पद्धत नीट मांडली. आणि २००१ मध्ये जनावरांच्या पैदाशीसाठी सुचवलेली जीनोमिक निवड, म्हणजे पूर्ण जीनोमभर पसरलेल्या मार्करांवरून रोपट्याचा अंदाज बांधणं, त्यामुळे सात-आठ वर्षं न थांबता तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पालक बदलता येतात. नवीन वाण बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा पालक किती लवकर फिरतात हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पुढची सगळी वाणं त्यांच्यातून येतात.

घाई कशासाठी तर हवामान थांबत नाही म्हणून. आफ्रिकेतल्या मक्यावर २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात मांडलंय की ब्रीडिंगपासून शेतकऱ्यानं वाण स्वीकारेपर्यंत ३० वर्षांपर्यंत वेळ जाऊ शकतो, आणि वाढत्या उष्णतेत पीक लवकर पक्व होतं, दिवस कमी म्हणजे दाणाही कमी, त्यामुळे ज्या तापमानासाठी वाण बनवलं ते तापमान वाण शेतात पोचेपर्यंत मागे पडलेलं असतं. म्हणून आता चाचण्या आजच्या पेक्षा उष्ण ठिकाणी, उशिराच्या पेरणीत लावाव्या लागतात, पुढच्या वीस वर्षांचं हवामान आज जिथे आहे तिथे. आणि यातला अर्धा उशीर आमच्या शेतावर होतच नाही, तो बियाण्याच्या साखळीत होतो. आयआर-६४ हे १९८५ चं वाण कितीतरी ठिकाणी अजून लावतात. शेतकरी हट्टी आहे म्हणून नाही, त्याला दाण्याची चव, गिरणीतला उतारा, विक्री या सगळ्याची खात्री झालेली असते आणि नव्या वाणाची पिशवी हातात देणारा माणूस ती खात्री देऊ शकत नाही. जुन्या वाणाच्या शेजारी नवं वाण त्याच्याच बांधावर लावून त्यालाच तोलू द्यावं, याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

रोगांवर मी वेगळं पुस्तकभर लिहू शकेन, इथे एवढंच की उष्णता आणि ओल बदलली की रोगही जागा बदलतात आणि एकाच जनुकावर सगळ्यांनी भिस्त ठेवली की ते मोडतं. १९७० मध्ये अमेरिकेत संकरित मक्याच्या बहुतेक बियाण्यात टेक्सास सायटोप्लाझम नावाचा, आईकडून येणारा एकच पेशीद्रव होता, करप्याची एक नवी जात आली आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. गव्हात राय धान्यातून आलेलं एसआर-३१ जनुक जगभर पसरलं होतं, युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या तांबेऱ्याच्या यूजी-९९ जातीनं ते निकामी केलं. म्हणून आता तीन-चार जनुकं एकत्र बांधतात, त्यात काही अर्धवट पण टिकाऊ प्रतिकार देणारी. ही जनुकं येतात कुठून? बऱ्याचदा रानटी जातींतून. भाताच्या ग्रासी स्टंट विषाणूसाठी सहा हजारांहून जास्त नमुने तपासले, प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराच्या एकाच नमुन्यात. एकाच. तो कुणी गोळा करून ठेवला नसता तर? सीरियातल्या अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय बीजपेढी युद्धात अडकली तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे-तिजोरीतून बियाणं परत काढून तो संग्रह मोरोक्को आणि लेबननमध्ये पुन्हा उभा करावा लागला. बीजपेढीचं बजेट कापलं जातं तेव्हा मला जो राग येतो तो याच्यामुळे.

शाश्वत म्हणायचं तर नत्राचा विषय टाळता येत नाही. १९६६ चा आयआर-८ भात आणि जपानच्या नोरिन-१० पासून आलेला बुटका गहू यांनी जो चमत्कार केला तो असा की जास्त नत्र दिलं तरी झाड लोळत नाही आणि एकूण वजनातला दाण्याचा वाटा वाढतो. पण ती वाणं भरपूर खत, भरपूर पाणी याच परिस्थितीत निवडलेली. गव्हातल्या त्या बुटकेपणाची एक किंमत आज जाणवते, कोंबाभोवतीचं जे आवरण जमीन फोडून वर येतं, कोलिऑप्टाइल म्हणतात ते, तेही आखूड झालं, म्हणजे वरची माती कोरडी म्हणून बी खोल पेरलं तर उगवणच होत नाही. आता आरएचटी-१८ सारखी दुसरी जनुकं वापरतायत, त्यांनी झाड बुटकं राहतं पण कोंब लांब निघतो. नत्रासाठी मला सगळ्यात आशादायक वाटतं ते २०२१ मधलं काम, लेमस रेसिमोसस या रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात आणला आणि त्या गव्हाची मुळं असा पदार्थ सोडतात की जमिनीतल्या जिवाणूंकडून अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं, म्हणजे खत वाहून कमी जातं आणि नायट्रस ऑक्साइड कमी निघतो, जो वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. अजून हे सगळ्या शेतांत पोचलेलं नाही, पण ब्रीडिंगनं खत कमी करता येतं याचा हा पुरावा आहे. आणि एक गोष्ट उत्पन्नाच्या नादात सुटते, हवेत कार्बन डायऑक्साइड ५५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५५० भागांच्या) आसपास गेला की गव्हाच्या दाण्यातलं जस्त सुमारे ९ टक्के आणि प्रथिनं सुमारे ६ टक्के घटतात असं २०१४ च्या शेतावरच्या प्रयोगांत दिसलंय. पोतं भरलं पण दाणा पोकळ, असं नको असेल तर जस्त-लोह मोजणं हे निवडीच्या पहिल्या टप्प्यापासूनच हवं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, लॅब की शेत. दोन्ही लागतं, पण आधी शेत आणि संख्याशास्त्र. मार्कर लावणं आता बाहेरून करून मिळतं, डीएनए काढणं तुम्ही दोन महिन्यांत शिकाल, पण प्लॉटमधला फरक वाणाचा की मातीचा हे ओळखायला चाचणीची मांडणी, मिक्स्ड मॉडेल (वाणाचा आणि मातीचा परिणाम वेगळा काढायची संख्याशास्त्रीय पद्धत) आणि त्यासाठीचं आर सॉफ्टवेअर हे पक्कं हवं, मुलाखतीला येणारी दहातली आठ मुलं तिथे अडतात. एक पूर्ण हंगाम कुणाच्या तरी चाचणीवर काढा, पगार कमी असला तरी. फुलोऱ्याच्या दिवसांत रोज सकाळी एकाच वेळी प्लॉटमध्ये जा, तारखा हातानं लिहा, आणि दुपारी दोनला पुन्हा जा, कुठल्या लाइनची पानं गुंडाळलीत आणि कुठल्या अजून उघडी आहेत ते बघा, संध्याकाळी कोण सावरलं तेही. पीएचडीसाठी गाइड निवडताना पेपर किती छापलेत हे विचारण्याआधी त्यांच्या मागच्या वाणाची चाचणी किती ठिकाणी आणि किती हंगाम झाली ते विचारा, आणि ज्या ठिकाणी ते वाण मागे पडलं तिथले आकडे बघायला मागा.